पाठीवर पिशवी, वसतिगृहात मुक्काम

वसतिगृह म्हटले की आपल्या घराघरांत एकच चित्र उभे राहते. गावाकडून पत्र्याची पेटी घेऊन आलेला मुलगा, ओळीने मांडलेल्या खाटा, घंटा झाली की वरण-भात आणि रात्री उशिरापर्यंत अभ्यास. आपल्या कितीतरी कुटुंबांतला पहिला पदवीधर याच खाटेवरून उठून नोकरीला लागला. परंतु या शब्दाला जगात आणखी दोन अर्थ आहेत, आणि ते दोन्ही आम्हांला एकाच देशात पाहायला मिळाले. तो देश म्हणजे दक्षिण आफ्रिका.

आम्ही तिघेही कार्यालयात फायली हलवणारे. चार वर्षे थोडेथोडे पैसे बाजूला टाकले, हक्काची रजा साठवली आणि एका फेब्रुवारीत केपटाऊन गाठले. पाठीवर एकेक पिशवी, त्यात दोन जोड कपडे, चटणीची बरणी आणि एक कुलूप. तिकडे फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा, द्राक्षांच्या खुडणीचा हंगाम.

पहिला अर्थ प्रवाशांच्या वसतिगृहाचा. याचे मूळ जर्मनीत आहे. रिखार्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असता वादळात सापडले. रात्र एका शाळेच्या वर्गात काढावी लागली. सुटीत शाळा रिकाम्याच असतात, तिथे कारखान्यांच्या गावांतल्या मुलांची झोपायची सोय का होऊ नये, असे त्यांच्या मनात आले. १९१२ साली आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात त्यांनी कायमचे वसतिगृह उभे केले. हेतू एवढाच की कष्टकऱ्यांच्या पोरांनाही डोंगर आणि मोकळी हवा मिळावी. आज जगभर अशी स्वस्त मुक्कामाची ठिकाणे आहेत. खोली सर्वांची, स्वयंपाकघर सर्वांचे, आपले ताट आपण धुवायचे.

स्टेलनबॉश या गावी आम्ही अशाच एका ठिकाणी उतरलो. खोलीत सहा खाटा. आम्ही तिघे, दोन जर्मन विद्यार्थी आणि डर्बनकडचे एक कृष्णवर्णीय शिक्षक. रात्री आमच्या खिचडीत सर्वांचा वाटा झाला. ही गोष्ट साधी वाटेल. पण त्या देशात १९५० साली कोणी कुठे राहायचे हे वर्णावरून ठरवणारा कायदा झाला आणि १९५३ साली सार्वजनिक जागा वेगळ्या करणारा दुसरा. हे कायदे १९९० आणि १९९१ साली रद्द झाले. त्याआधी आम्ही सहाजण एका छपराखाली झोपूच शकलो नसतो.

दुसरा अर्थ केपटाऊनच्या लंगा वस्तीत दिसला. तिथेही वसतिगृहे होती, पण ती कृष्णवर्णीय मजुरांची. गावाकडून पुरुषाला कामापुरते शहरात आणायचे, अरुंद खाटेवर झोपवायचे आणि बायका-मुलांना परवान्याशिवाय शहरात राहू द्यायचे नाही. एका वसतिगृहाने माणसाला पंख दिले, दुसऱ्याने त्याचा संसार मोडला.

स्टेलनबॉशचा मुलूख मात्र डोळे निववणारा. उंच करड्या कड्यांच्या पायथ्याशी द्राक्षांच्या रांगाच रांगा. योंकर्सहुकच्या दरीत आम्ही दिवसभर चाललो. ओढ्याचे गार पाणी, कड्यावरून उतरणारे ढग. सह्याद्रीत वाढलेल्या माणसालाही मान वर करून पाहावे लागते.

पण हे मळे कोणी फुलवले? १६५२ साली डच आले आणि १६५९ साली तिथल्या द्राक्षांची पहिली वाईन निघाली. मळ्यांवर राबायला मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशिया आणि आपल्या बंगाल-मलबारच्या किनाऱ्यावरून गुलाम आणले गेले. त्यांची मूळ नावे पुसून मालकांनी महिन्यांची नावे ठेवली. फेब्रुवारी, सप्टेंबर अशी आडनावे आजही तिथे आहेत. १८३४ साली गुलामी कायद्याने संपली, खरी सुटका मात्र १८३८ साली झाली. सुटलेल्या लोकांसाठी सिमोन्सबर्ग डोंगराखाली १८४३ साली वसलेले प्नील गाव आम्ही पाहिले. लहानच गाव आहे, पण घरे नीटनेटकी.

गुलामी गेली तरी ‘डॉप’ राहिला. डॉप म्हणजे मजुरीचा एक भाग म्हणून दिली जाणारी वाईन. दिवसातून अनेकदा पत्र्याच्या मगातून ती वाटली जाई. हलकी वाईन मजुराच्या पोटात जाई, मजुरीचे पैसे मालकाकडे राहत आणि नशेत अडकलेला माणूस मळा सोडून जात नसे. १९६०च्या दशकात कायद्याने बंदी आली, तरी काही मळ्यांवर ही रीत १९९०च्या दशकापर्यंत चालली. गर्भात असतानाच दारूचा मार बसलेल्या बालकांचे त्या भागातले प्रमाण जगात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या प्रमाणांपैकी आहे. दारू घर कसे खाते हे आपल्या माताभगिनींना सांगायला नको. गावोगाव वाईन चाखण्याची दालने आहेत. आम्ही तिकडे फिरकलो नाही, द्राक्षे मात्र पोटभर खाल्ली.

पार्लजवळ, मळ्यांच्याच शेजारी, एक तुरुंग आहे. ११ फेब्रुवारी १९९० रोजी नेल्सन मंडेला याच दारातून चालत बाहेर आले. तिथे मूठ उंचावलेला त्यांचा पुतळा उभा आहे. पण एका माणसाच्या सुटकेने मजुरी वाढत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये डी डोर्न्स भागातल्या द्राक्षमजुरांनी संप पुकारला. तेव्हा किमान रोज ६९ रँड होता आणि मागणी १५० रँडची होती. मार्च २०१३ पासून तो १०५ रँड झाला. मागितले तेवढे मिळाले नाही; जे मिळाले ते एकजुटीने मिळाले. नाशिक-दिंडोरीच्या बागांत राबणाऱ्या आपल्या बायाबापड्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

परदेश सर्वांना जमेल असे आम्ही म्हणणार नाही. पण मुलामुलींना सुटीत घरी बसवू नका. पाठीवर पिशवी देऊन पाच-सहा जणांच्या गटाने जवळच्या डोंगरात, गडावर पाठवा. मुक्काम स्वस्त जागी करावा, जेवण स्वतः रांधावे, अनोळखी माणसाशेजारी बसून जेवावे. आणि कुठेही हिरवे मळे दिसले की दोन प्रश्न विचारायला शिकवा : इथे राबते कोण, आणि त्याच्या हाती रोज किती पडतो? एवढे विचारून आलेले मूल सहलीहून रिकाम्या हाताने परतले असे कोणी म्हणणार नाही.