उपदेशाचा व्यापार आणि उत्तरदायित्व

मुलास शिकवणीला घालावयाचे झाल्यास आम्ही अचलपूरकर मास्तरांची पदवी विचारतो; सोने घेताना कस पाहतो; बाजारात वांगी घेतानादेखील एकेक वांगे उलटसुलट करून पारखतो. मात्र त्याच मुलाचे मन ज्याच्या हाती सोपवावयाचे, त्या 'लाइफ कोच' म्हणविणाऱ्या जीवनमार्गदर्शकास आम्ही एकही प्रश्न विचारीत नाही, ही आश्चर्याची आणि त्याहूनही लाजेची गोष्ट होय.

आमच्या परिचयाच्या एका घरची हकीकत सांगतो. परीक्षेत अपयश आलेला मुलगा रात्र रात्र जागू लागला. त्याची अन्नावरची वासना उडाली. आईबापांनी भरभक्कम फी देऊन त्यास अशाच एका मार्गदर्शकाकडे धाडले. 'इच्छाशक्ती कमी आहे' एवढेच निदान झाले. डॉक्टरांस दाखवा, असे काही त्या गृहस्थांनी सांगितले नाही. पुढे त्यांनीच एका जाहीर व्याख्यानात मुलाची खाजगी कहाणी आपल्या यशाचा दाखला म्हणून सांगितली. नाव घेतले नाही हे खरे. पण एवढ्याशा गावात नाव घेण्याची जरूरच काय? मुलाने घराबाहेर पडणे सोडले. आता दाद मागावी ती कोठे?

वकिलाने अशिलास दगा दिला तर १९६१ च्या कायद्याने बार कौन्सिल आहे. डॉक्टराच्या वर्तनाची चौकशी करण्यास वैद्यक परिषद आहे. रुग्णांवर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञास १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. जीवनमार्गदर्शकास मात्र पाटी रंगविणारा मिळाला की पुरे! १९९५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनने नीतिनियम केले आहेत. परंतु ते बांधतात केवळ तिच्या सभासदांस व प्रमाणपत्रधारकांस, आणि तसे होण्याची सक्ती कोणावरही नाही. ग्राहक आयोगाकडे जा म्हणावे, तर तेथे फार झाले तर फी व भरपाई मिळेल. फुटलेले गुपित पुन्हा झाकले जाईल काय?

यावर कोणी विचारील, "मग पदवीवाचून कोणी दुःखिताशी बोलूच नये की काय?" आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. याच अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावचेच साधे कार्यकर्ते त्यात घरोघर गेले. नैराश्याने पीडलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. हे कार्यकर्ते पंडित नव्हते. परंतु त्यांस शिक्षण दिलेले होते, त्यांच्या पाठीशी समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ होते, आणि आपल्या आवाक्याबाहेरचा माणूस पुढे पाठविण्याची सोय होती. तेव्हा प्रश्न पदवीचा नसून उत्तरदायित्वाचा आहे.

सरकारने या धंद्यास नोंदणी व तक्रारीची जागा नेमून द्यावी, ही आमची मागणी आहेच. पण कायदा होईपर्यंत हात जोडून बसण्याचे कारण नाही. फी मोजण्यापूर्वी प्रत्येक पालकाने चार प्रश्न विचारावे: आपण कोणाकडे शिकलात? आमचे बोलणे कोणाच्या कानी जाईल? आपल्याने झाले नाही तर कोणाकडे पाठवाल? आणि आपण चुकलात तर आम्ही कोणास सांगावे? प्रामाणिक मनुष्यास हे प्रश्न बोचणार नाहीत. ज्यास बोचतील, त्याच्या पायरीवरूनच मुलाचा हात धरून परत फिरावे.