बदलीच्या आधी प्रबंध

परवा रात्री एका कॅप्टनचा फोन आला. पूर्वी माझ्याच युनिटमध्ये होता. सध्या स्टडी लीव्हवर आहे, कॉम्प्युटर सायन्समध्ये रिसर्च मास्टर्स करतो आहे. इकडे अरुणाचलमध्ये पावसाने नेटवर्कची वाट लावली होती, आवाज तुटत होता, पण मुद्दा कळला. पोस्टिंग ऑर्डर आली आहे. दीड महिन्यात नव्या ठिकाणी हजर व्हायचं आहे. प्रबंधाची तीन प्रकरणं झाली आहेत, दोन राहिली आहेत.

"सर, बाकीचं युनिटमध्ये जाऊन पूर्ण करतो. रात्री वेळ मिळेलच ना?"

"नाही मिळणार," मी म्हणालो. "आणि वेळ मिळाला तरी प्रबंध हाताला लागणार नाही."

त्याला वाटलं लाईन गेली, म्हणून तो "हॅलो, हॅलो" करत राहिला. फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे. त्याच्यासाठी तर आहेच, पण त्याच्यासारखे बरेच आहेत. फौजेतलेही आणि नोकरी सांभाळून शिकणारे नागरी मित्रही.

आधी ही पदवी म्हणजे काय ते सांगतो. नेहमीच्या एम.टेक.मध्ये विषय जास्त असतात आणि प्रोजेक्ट शेवटी येतो. रिसर्च मास्टर्समध्ये विषय मोजके आणि मुख्य काम प्रबंधाचं. मद्रासच्या आयआयटीत तिला एम.एस. म्हणतात, बंगळूरच्या आयआयएस्सीत एम.टेक. रिसर्च. वेगवेगळी नावं, काम तेच. एक प्रश्न घ्यायचा, त्यावर आधी कोणी काय केलंय ते वाचायचं, स्वतः काहीतरी करून पाहायचं, मोजायचं आणि लिहायचं. मग बाहेरचे परीक्षक ते वाचतात आणि व्हायव्हा होते. विषयांच्या परीक्षेची तारीख दुसरं कोणीतरी ठरवतं. प्रबंधाची आपली आपण ठरवायची असते. आम्ही फौजी लोक दुसऱ्याने दिलेल्या तारखेवर जगतो, त्यामुळे नेमके इथेच घसरतो. मीही घसरलो.

माझा प्रश्न २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात सापडला. मदतकार्यात होतो. गावांची वीज गेलेली, मोबाईलचे टॉवर बंद. बोट एका वस्तीवर जायची आणि परत येताना कोणीतरी हातात चिठ्ठी द्यायचं. अमुक घरात डायलिसिसचा पेशंट, तमुक घरात बाळंतीण. ती चिठ्ठी बोटवाला खिशात ठेवायचा, पुढच्या ठिकाणी दुसऱ्या बोटीला द्यायचा, आणि कधी तरी ती कंट्रोल रूमला पोचायची. काही पोचल्या नसतीलही.

दोन वर्षांनी संस्थेत गेल्यावर कळलं की या चिठ्ठीचं एक शास्त्र आहे. आपलं नेहमीचं इंटरनेट असं गृहीत धरतं की पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये त्या क्षणी अखंड रस्ता आहे. रस्ता तुटला की थोडा वेळ पुन्हा पुन्हा पाठवून ते हात टेकतं. जिथे अखंड रस्ता कधीच नसतो तिथे संदेश साठवायचा, वाहून न्यायचा आणि भेट होईल तेव्हा पुढे द्यायचा. ग्रहांमधल्या संपर्काच्या विचारातून ही कल्पना वाढली. केव्हिन फॉल यांनी २००३ मध्ये तिची पूर्ण मांडणी केली आणि २००७ मध्ये तिचे नियम आरएफसी म्हणून आले. त्याच सुमारास एमआयटीच्या लोकांनी कर्नाटकात दोड्डबळ्ळापूरकडे बसवर वायफाय बसवून खेड्यांमधली माहिती ने-आण करून दाखवली. त्या योजनेचं नाव होतं डाकनेट. दुसऱ्या एका शोधनिबंधात अशा फिरत्या वाहकांना 'डेटा म्यूल' म्हटलं आहे. ते वाचून मी हॉस्टेलच्या खोलीत एकटाच हसलो होतो. आमच्याकडे वरच्या चौक्यांवर आजही खरी खेचरं रसद वाहतात.

मी उत्साहात विषय लिहून नेला: 'आपत्तीत संपर्कव्यवस्था कशी असावी'. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी वाचलं आणि विचारलं, "हे तुम्ही दोन वर्षांत करणार की दोन जन्मांत?" मग तीन महिने त्या विषयाची कापाकापी चालली. शेवटी एक ओळ उरली. बोटी ठरावीक फेऱ्या मारत असतील, तर एका संदेशाच्या किती प्रती काढाव्यात आणि कोणत्या बोटीला द्याव्यात?

भेटेल त्याला प्रत देत जाण्याची पद्धत २००० सालापासून आहे. तिला साथीच्या रोगाचं नाव आहे, एपिडेमिक. संदेश पोचतो, पण सगळ्यांच्या मेमरीत तोच कचरा भरतो आणि बॅटरी संपते. २००५ मध्ये 'स्प्रे अँड वेट' आली. मोजक्या प्रती वाटा आणि मग त्यांतला कोणीतरी थेट मुक्कामी पोचेपर्यंत थांबा. माझं म्हणणं होतं की बोटींच्या मागच्या फेऱ्या पाहून हुशारीने प्रती वाटल्या, तर या पद्धतीपेक्षा चांगलं जमेल.

सिम्युलेशनच्या पहिल्या पाच फेऱ्यांत तसंच दिसलं. आलेख काढला, मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, "पाच नको, तीस वेळा करा. दर वेळी सुरुवात वेगळी ठेवा. आणि बोटींना उशीर करा." मी ते पुढे ढकललं. शेवटच्या सेमिस्टरमध्ये करू म्हटलं. शेवटच्या सेमिस्टरमध्ये पोस्टिंग आली. मीही तेच म्हणालो, जे परवा कॅप्टन म्हणाला. युनिटमध्ये जाऊन करतो.

युनिटमध्ये काय होतं ते सांगतो. ऑफिसचे कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेले नसतात आणि स्वतःचं काम त्यांवर करायचंही नसतं, तो नियम बरोबरच आहे. रात्री दहाला जनरेटर बंद. लॅपटॉपची बॅटरी दोन तास चालते, थंडीत त्याहूनही कमी. पण हे सगळं जमवून घेता येतं. जमवता येत नाही ती एकच गोष्ट. डोक्यात जे गरम असतं ते थंड होतं.

सात महिन्यांनी मी फोल्डर उघडला. आत 'फायनल', 'फायनल दोन', 'फायनल नवीन' आणि 'हाच खरा' अशा नावांच्या फायली होत्या. जो आलेख मी मसुद्यात छापला होता, तो यांतल्या कोणत्या प्रोग्रामने काढला होता हे मला सांगता येईना. चारही चालवून पाहिले. चार उत्तरं आली, आणि मसुद्यातल्या आलेखाशी एकही जुळलं नाही.

मी सिग्नलचा माणूस आहे. वायरलेस सेटवर बसणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतो की लॉग लिही. किती वाजता, कोणाकडून, काय आलं, सगळं नोंदव. लॉग न लिहिणाऱ्याला मी शिक्षाही केली आहे. आणि स्वतःच्या दोन वर्षांच्या कामाची मी एक ओळ नोंद ठेवली नव्हती.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यात चूक सापडली. एकच संदेश दोन बोटींनी पोचवला, तर माझा प्रोग्राम तो दोनदा पोचला असं मोजत होता. चूक दुरुस्त केली, तीस फेऱ्या केल्या, बोटींना उशीर केला. माझ्या पद्धतीचा फायदा बोटी वेळेवर असतील तेवढ्यापुरताच राहिला. उशीर वाढला की जुनी, साधी पद्धतच पुढे. आणि पुरात बोट वेळेवर येत नाही, हे मला सांगलीतच कळायला हवं होतं.

त्या रात्री मोह झाला, हे कबूल करतो. उशिराचं प्रकरण गाळून टाकलं असतं, तर परीक्षकांना बहुधा कळलंही नसतं. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "जसं आलंय तसं लिहा. कुठे चालतं आणि कुठे मोडतं हे सांगितलंत, की प्रबंध झाला." मग त्या वर्षीच्या साठ दिवसांच्या रजेतले पस्तीस दिवस संस्थेच्या गेस्टहाऊसमध्ये काढून ते लिहिलं. मुलगी पहिलीत गेली त्या दिवशी मी तिकडे होतो. बायको एवढंच म्हणाली, "सीमेवर असता तर समजून घेतलं असतं." यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. वेळेत काम संपवलं असतं, तर ते वाक्य ऐकावं लागलं नसतं.

आमचे एक सीनियर म्हणायचे, डिग्री से गोली नहीं चलती. बरोबर आहे. पण गेल्या वर्षी एका कंपनीचे लोक रेडिओ संच दाखवायला आले. पडद्यावर मोठा आकडा होता, शंभरातले अठ्ठ्याण्णव संदेश पोचतात. मी विचारलं, किती वेळा चाचणी घेतली? कुठल्या जमिनीवर? पोचला म्हणजे काय धरलं, आणि दोनदा पोचलेला एकदाच मोजला का? खोलीत शांतता पसरली. चाचणी एकदाच झाली होती, सपाट मैदानावर. आमच्या दऱ्यांमध्ये आम्ही ती पुन्हा घ्यायला लावली. आकडा बराच खाली आला. तो संच घेऊन एखादी पेट्रोल निघाली असती आणि अडकली असती, तर त्या पडद्यावरच्या आकड्याला कोण जबाबदार होतं? हे प्रश्न मला पदवीच्या कागदाने शिकवले नाहीत. स्वतःचा आकडा खोटा निघाला तेव्हा मी ते शिकलो. आणि तो खोटा निघाला, कारण प्रबंध शेवटपर्यंत नेला. अर्धा सोडला असता, तर आजही मी तो पहिला सुंदर आलेख खरा मानून बसलो असतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. रिसर्च मास्टर्सचं खरं शिक्षण शेवटच्या तीन-चार महिन्यांत होतं, जेव्हा आपलंच काम आपण परक्यासारखं तपासतो. नेमके तेच महिने आपण बदलीला देऊन टाकतो. वरिष्ठांनी दोन वर्षं माणूस सोडलेला असतो. हजर होण्याची तारीख ठरवताना आणखी सहा आठवडे दिले, तर आधीची दोन वर्षं वाया जात नाहीत. मात्र ते मागण्याआधी आपला हिशेब चोख हवा. पहिलं सेमिस्टर संपताना प्रश्न एका ओळीत लिहिता आला पाहिजे. लिखाण पहिल्या महिन्यापासून, रोज अर्धं पान का होईना. प्रत्येक प्रयोगाचा लॉग हवा, त्यात तारीख, कोणता प्रोग्राम, कोणते आकडे, काय आलं. आणि रजा संपायच्या दोन महिने आधीची तारीख हीच खरी तारीख समजायची.

मोठं काही लिहिण्याच्या नादात थांबू नये. क्लॉड शॅनन यांच्या १९३७ च्या मास्टर्स प्रबंधातून डिजिटल सर्किटांचा पाया पडला, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. ऐकून छाती दडपते. मला लिनस टोरवाल्ड्स यांचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. हेलसिंकीत शिकताना मध्येच फिनलंडच्या सैन्यात सक्तीची सेवा केली, सेकंड लेफ्टनंट झाले, परत आले, १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं. जगात नाव झाल्यावरही त्यांनी मास्टर्सचा प्रबंध पुरा केला. विषय घेतला एवढाच, की लिनक्स एका प्रकारच्या मशीनवरून दुसऱ्यावर कसं नेता येतं.

आज सकाळी कॅप्टनला मेसेज टाकला. पाचवं प्रकरण सोडून दे, चौथं नीट कर, गाईडकडून पत्र घे आणि सहा आठवडे मागून बघ. नाही मिळाले तर आहेत त्या एक्केचाळीस दिवसांत चारच प्रकरणांचा प्रबंध दे. आणि आज रात्री आधी ते फोल्डर उघडून प्रत्येक फाईलवर लिही, की ती काय करते.

एक टिक दिसते आहे. पाऊस थांबला की दुसरी येईल.