रिकामी ओळ म्हणजे शेवट नव्हे

'कला शाखेच्या विद्यार्थ्याला संगणकाची भाषा काय करायची?' असा प्रश्न आमचे काही मित्र विचारतात. त्यांना माझ्या एका चुकीची हकीगत सांगतो.

आमच्या नारायणगडाला लोक 'धाकटी पंढरी' म्हणतात. पायथॉन भाषेचे पहिले धडे गिरवताना मी सरावासाठी दिंडीला निघालेल्या तीन गावांच्या वारकऱ्यांची यादी घेतली. एका ओळीवर एक नाव, स्वल्पविराम आणि पुढे वय. साठीच्या पुढचे किती, ते मोजायचे होते. कारण थकलेल्यांसाठी टेंपोत तेवढी जागा धरायची होती. एकेक ओळ वाचायची, स्वल्पविरामाशी तोडायची, वयाच्या अक्षरांचा आकडा करायचा, मोजायचे आणि पुढची ओळ घ्यायची. उत्तर आले नऊ! मला धन्यता वाटली. आण्णा मात्र म्हणाले, "आरं, एवढी म्हातारी तर आपल्याच गावातली हायेत. बाकीची कुठं गेली?"

बाकीची माझ्या अज्ञानात गेली होती. यादी लिहिणाऱ्याने दोन गावांमध्ये एक ओळ मोकळी सोडली होती आणि मी संगणकाला सांगितले होते, 'ओळ रिकामी दिसली की थांब.' वास्तविक मोकळ्या ओळीतही ओळ संपल्याची एक अदृश्य खूण असते. यादी खरोखर संपली, तरच 'रीडलाइन' ही आज्ञा काहीच हाती देत नाही, ती खूणसुद्धा नाही. मी ती खूण आधी पुसत होतो आणि मग शेवट झाला का ते पाहत होतो! क्रम उलटा केला, मोकळी ओळ ओलांडून पुढे जायला सांगितले, आणि राहिलेली दोन गावे दिंडीत आली.

सगळी यादी एकदम वाचून घ्यावी, असे काहीजण सुचवतात. लहान यादीला ते चालेल. पण नवशिक्याने आधी ओळीओळीनेच वाचावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एका वेळी एकच ओळ हाताशी ठेवली, की दहा नावे असोत वा दहा लाख, रीत तीच राहते. ही रीत जुनीही आहे. पूर्वी संगणकाला छिद्रांची कार्डे भरवीत. १९२८ मध्ये आलेल्या आयबीएमच्या कार्डावर ८० रकाने असत आणि एक कार्ड म्हणजे एक ओळ. शिवाय चूक कोणत्या ओळीवर झाली, हेही या रीतीत लगेच सापडते.

आणि मित्रहो, हे आपल्याला परके आहे काय? पोथी वाचणारा ओवीओवीला थांबतो. दोन कडव्यांमधली मोकळी जागा म्हणजे कवितेचा शेवट नव्हे, हे मराठीच्या वर्गात आपण शिकलोच आहोत. संगणकापुढे बसताना मी ते विसरलो, एवढाच माझा दोष. म्हणून मला वाटते, जो नीट वाचायला शिकला, त्याने या यंत्राला मुळीच भिऊ नये.