प्रसूतिरजेचा खर्च कोणी सोसावा?

सरकारी नोकरीतील स्त्रीला बाळंतपणासाठी सहा महिन्यांची भरपगारी रजा मिळते. त्या काळातील तिचा पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजेच करदात्याच्या पैशातून दिला जातो. ‘पाळणा त्यांच्या घरी हलणार आणि खर्च मात्र आम्ही सोसायचा, हा कोठला न्याय?’ असा प्रश्न यावर अधूनमधून विचारण्यात येतो. प्रश्न रोखठोक आहे. पण तो असभ्य ठरवून टाळणे योग्य नव्हे. सार्वजनिक पैशाचा हिशोब मागणे हा नागरिकाचा अधिकारच आहे. मात्र हिशोब मांडायचा तर तो पुरा मांडला पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रीला १८० दिवसांची प्रसूतिरजा मिळते. शिवाय २००८ पासून मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवाकालात ७३० दिवसांपर्यंत रजा घेण्याची सोय आहे. पुरुष कर्मचाऱ्याला बाळाच्या जन्मानंतर १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतही १८० दिवसांची प्रसूतिरजा आहे आणि २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा लागू झाली आहे. प्रसूतिरजेचा हा लाभ दोन अपत्यांपुरता मर्यादित आहे. तेव्हा सरकार लोकसंख्यावाढीला पैसे पुरवते हा आक्षेप मुळातच टिकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ इतका खाली आला आहे, हेही या आक्षेपकांनी लक्षात घ्यावे.

रजेमुळे कामाचा खोळंबा होतो, हा दुसरा आक्षेप. त्यात तथ्य आहे. दोन शिक्षकांच्या शाळेतील एक शिक्षिका सहा महिने रजेवर गेली आणि तिच्या जागी कोणी आले नाही, तर मुलांचे नुकसान होतेच. परंतु हा दोष रजेचा नाही. रजा राखीव पदे भरायची नाहीत आणि काम अडले की बाळंतिणीकडे बोट दाखवायचे, ही प्रशासनाची लबाडी आहे.

करदाता म्हणजे कोण?

खरा प्रश्न याहून खोल आहे, आणि तो समजून घ्यायचा तर आंबिवलीसारख्या ठिकाणाकडे पाहावे. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली गाडी शहाड सोडते आणि आंबिवलीला येते. शेजारच्या मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या, म्हणजे एन. आर. सी.च्या, कारखान्यावर हा सारा परिसर पोसला गेला. कारखाना २००९ मध्ये बंद पडला. थकलेल्या देण्यांसाठी कामगारांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी, हक्काची रजा या गोष्टी एका पिढीने येथे पाहिल्या. त्यांच्या मुलांना आणि सुनांना मात्र त्या मिळतीलच असे राहिले नाही. आज याच फलाटावर रेल्वेतील किंवा मंत्रालयातील कारकून स्त्री उभी असते; तिच्या शेजारी ठेकेदाराकडे सफाईचे काम करणारी, कल्याण-डोंबिवलीतील चार घरची धुणीभांडी करणारी, दुकानात दिवसभर उभी राहणारी स्त्रीही त्याच गाडीची वाट पाहत असते.

या स्त्रियांपैकी करदाती कोण? ‘करदाता’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आयकराचे विवरणपत्र भरणारा पगारदार येतो. परंतु साबणाची वडी, चपलेचा जोड, मोबाइलचे रिचार्ज यांवरील वस्तू व सेवा कर धुणीभांडी करणारी स्त्रीही भरते, आणि आपल्या उत्पन्नाच्या मानाने तिला तो अधिक जाचतो. अप्रत्यक्ष कराचा भार गरिबावर प्रमाणाबाहेर पडतो, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. तेव्हा कारकून स्त्रीच्या सहा महिन्यांच्या पगारात या मोलकरणीचाही वाटा असतो. मग तिच्या स्वतःच्या बाळंतपणात तिला काय मिळते?

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर स्त्रीला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. सरकारी सेवेतील किंवा अन्य कायद्याने असा लाभ मिळणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या. प्रत्यक्षात २०१७ च्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने ही रक्कम पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपयांवर आणली. उरलेली भरपाई जननी सुरक्षा योजनेतून होते, असा सरकारी खुलासा आहे. दुसऱ्या अपत्यासाठी ६,००० रुपये मिळतात, पण ते अपत्य मुलगी असेल तरच. कायद्यातील ‘प्रत्येक’ हा शब्द योजनेच्या कागदावर येईपर्यंत असा झिजला.

आता दोन रकमा शेजारी मांडा. सातव्या वेतन आयोगाने केंद्रीय सेवेतील किमान मूळ वेतन १८,००० रुपये ठरवले. त्या हिशोबाने सर्वांत खालच्या पायरीवरील कर्मचारी स्त्रीलाही सहा महिन्यांच्या रजेत १,०८,००० रुपये मूळ वेतन मिळते, आणि ते योग्यच आहे. मोलकरणीला ५,००० रुपये मिळतात. १८२ दिवसांवर ते वाटले तर दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये पडतात. इतक्या पैशांत विश्रांती विकत घेता येत नाही. म्हणून ती सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत फरशी पुसते आणि बाळ महिन्या-दीड महिन्याचे होताच पुन्हा कामाला लागते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याचे प्रमाण किती वाढले आहे, हे २०१९ मध्ये उघडकीस आले. एका खाड्याला मुकादम दंड कापत असेल, तर स्त्रीचे शरीर हीच तिला अडचण वाटू लागते.

आणि खुद्द शासनाच्या दारातही स्थिती वेगळी नाही. इतर स्त्रियांना प्रसूतीसाठी रुग्णालयात घेऊन जाणारी आशा सेविका शासनाच्या लेखी स्वयंसेविका आहे. कायम कर्मचाऱ्याची रजा तिला लागू नाही. नगरपालिकांची अनेक कामे ठेकेदारांकडे गेली आहेत. दिल्ली महानगरपालिकेतील रोजंदारीवरील स्त्री कामगारांनाही प्रसूतिलाभ मिळालाच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. परंतु ठेकेदार, उपठेकेदार अशी उतरंड रचली की जबाबदारी कोणाची हेच सापडत नाही. सरकारी कर्मचाऱ्याला रजा का, असे विचारणाऱ्यांनी सरकारचेच काम करणाऱ्या किती स्त्रियांना ही रजा मिळत नाही, हेही कधी विचारावे.

मालकाच्या माथी मारलेला भार

खाजगी उद्योगात कायदा नाही असे नव्हे. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यातील १२ आठवड्यांची रजा २०१७ मध्ये २६ आठवड्यांची झाली, आणि ती तरतूद आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाली आहे. राज्य कामगार विमा योजनेत येणाऱ्या स्त्रियांना विमा निधीतून लाभ मिळतो. पण बाकीच्या ठिकाणी सारा खर्च एकट्या मालकावर आहे. याचा परिणाम सांगायला ज्योतिषी नको. वीस माणसांच्या कारखान्याचा मालक नुकतेच लग्न झालेल्या मुलीला नोकरी देताना सहा महिन्यांच्या पगाराचा हिशोब मनातल्या मनात करतो आणि जागा मुलाला देतो. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास याची साक्ष देतो. १९२९ च्या कायद्यानंतरच्या दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. रात्रपाळीवरील बंदी, नवी यंत्रे ही कारणे होतीच. परंतु स्त्री कामगार ‘महाग’ पडते, ही मालकांची भावनाही त्यांत होती.

हे संकट आधीच ओळखले गेले होते. १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतिलाभाचा खर्च सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून व्हावा, असे ठरवले. २००० सालच्या १८३ व्या करारानेही मालकावर व्यक्तिशः भार टाकू नये, हेच तत्त्व पुन्हा मांडले. आपल्याकडे १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला प्रसूतीपूर्वी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भाग वस्तुतः सरकारनेच उचलला पाहिजे, असे त्यांनी स्पष्टपणे मान्य केले. सरकार तो उचलत नाही तोवर, स्त्रीच्या श्रमातून नफा कमावणाऱ्या मालकाला त्यातून सुटता येणार नाही, हेही त्यांनी बजावले. १९२९ चा मुंबईचा कायदा हा या विषयावरील देशातील पहिला कायदा ठरला. सरकारने भार उचलण्याची गोष्ट मात्र, सरकारी नोकरीपुरता अपवाद सोडला तर, तेथेच राहिली.

पैसा कोठून आणणार?

येथे व्यवहारी माणूस विचारील की, प्रत्येक स्त्रीला हे देऊ लागलो तर राज्य बुडणार नाही काय? आपण ढोबळ हिशोब करून पाहू. महाराष्ट्रात वर्षाला २० लाख जन्म होतात असे धरू. प्रत्येक मातेला दिवसाला ३०० रुपये या दराने १२ आठवड्यांचे साहाय्य दिले तर दर बाळंतपणी २५,२०० रुपये होतात आणि एकूण खर्च ५,०४० कोटी रुपये येतो. २६ आठवडे धरले तर तो १०,९२० कोटींवर जातो. ज्यांना आधीच पगारी रजा मिळते त्या वगळल्या, की आकडा आणखी खाली येईल. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे सात लाख कोटी रुपयांचा होता. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. गरीब स्त्रीच्या हाती पैसा जातो याबद्दल आमची तक्रार नाही. पण निवडणुकीच्या तोंडावर एवढी रक्कम उभी राहू शकते, तर तिच्या एकतृतीयांशाहूनही कमी रकमेत प्रत्येक मातेला सहा महिन्यांची विश्रांती हक्क म्हणून देता येते. तेव्हा पैसा नाही, ही सबब कोणी पुढे करू नये.

निधी उभारण्याचा मार्गही महाराष्ट्राला परका नाही. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला. शहरातील पगारदार आणि व्यावसायिक यांच्याकडून घेतलेल्या या पैशातून ग्रामीण मजुराला काम देणारी रोजगार हमी योजना चालावी, ही त्यामागील कल्पना. वि. स. पागे यांच्या या योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप आले आणि २००५ साली केंद्रानेही ती कल्पना स्वीकारली. आपल्या पगारातून कापलेल्या रकमेवर कोठल्या तरी दुष्काळी गावात एका मजुराची चूल पेटते, हे त्या काळी नोकरदारांनी मान्य केले होते. कामाच्या हक्कासाठी जे करता आले ते मातृत्वाच्या हक्कासाठी का करता येऊ नये? हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत आणलेल्या पितृत्व लाभाच्या खाजगी विधेयकात कर्मचारी, मालक आणि केंद्र सरकार या तिघांच्या वर्गणीतून निधी उभारण्याची सूचना होती. विधेयक पुढे गेले नाही, पण दिशा योग्य होती. बापालाही रजा मिळाली पाहिजे, कारण मूल वाढवणे हे केवळ आईचे काम आहे असे जोवर मानले जाईल, तोवर नोकरीच्या बाजारात स्त्रीलाच कमी लेखले जाईल.

तात्पर्य, करदात्याने पैसा द्यावा का, या प्रश्नाचे आमचे उत्तर निःसंदिग्धपणे ‘होय’ असे आहे. मूल ही आईबापांची खाजगी हौस नव्हे. उद्याचा कामगार, शिक्षक, परिचारिका आणि करदाताही तोच आहे. परंतु समाजाने खर्च उचलायचा हे एकदा मान्य केले, की तो नोकरीचा शिक्का पाहून उचलता येत नाही. कारकून स्त्रीची रजा कापल्याने मोलकरणीला एक दिवसही विश्रांती मिळणार नाही. दोघींना एकमेकींविरुद्ध उभे करणाऱ्यांचा डाव तोच असतो: एकीचे काढून घ्यायचे आणि दुसरीला काहीच द्यायचे नाही. म्हणून सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आपली रजा राखण्यापुरते न थांबता, त्याच कार्यालयांतील ठेक्यावरच्या स्त्रियांसाठी, आशा सेविकांसाठी आणि असंघटित मातांसाठी या मागणीचा पुढाकार घेतला पाहिजे. मातृत्व निधी उभारावा, मालक व शासन या दोघांनी त्यात भर घालावी, आणि २०१३ च्या कायद्यातील ‘प्रत्येक’ हा शब्द अक्षरशः पाळावा. जो हक्क मोजक्यांनाच मिळतो त्याला लोक सवलत म्हणतात, आणि सवलत केव्हाही काढून घेता येते. सर्वांना मिळालेला हक्क मात्र सहजासहजी हिरावता येत नाही, हे संघटित कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या हितासाठी तरी ध्यानात घ्यावे.