राँगली की राँगफुली?

मैत्रिणींनो, मुलांचा इंग्रजीचा अभ्यास घेताना हे दोन शब्द हमखास घोटाळा करतात. दिसायला सख्ख्या बहिणी, स्वभाव मात्र निराळे.

'राँगली' म्हणजे चुकीचं. पाकिटावर पत्ता चुकला, तर तो 'राँगली' लिहिला. यात हाताची चूक झाली, हक्क कुणाचा बुडाला नाही. 'राँगफुली' म्हणजे दुसऱ्याचा हक्क डावलून, कायदा सोडून. एखादीला नियम धाब्यावर बसवून नोकरीवरून काढलं, तर 'शी वॉज राँगफुली डिसमिस्ड'. शब्दाची जागाही लक्षात ठेवा: 'वॉज'च्या नंतर, क्रियापदाच्या आधी.

म्हणाल, आपल्या घरात या शब्दाचं काय काम? आहे बरं! भांडण झालं आणि सुनेला दिवसभर खोलीत कोंडलं, तर आपण 'घरचा मामला' म्हणून गप्प बसतो. पण १८६० च्या भारतीय दंडसंहितेत अशा कोंडण्याला हाच शब्द लावला होता. उदाहरणही साधं दिलं होतं: एखाद्याला भिंतींच्या आत जायला लावून कुलूप घालणं. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली. तिच्या १२७ व्या कलमात हा गुन्हा कायम आहे. साधी शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; जास्त दिवस कोंडलं तर शिक्षाही जास्त. कडी लावणारा हात नवऱ्याचा की सासूचा, हे कलम विचारत नाही.

दागिन्यांचंही तेच. स्त्रीधन सासरच्या कपाटात असलं तरी ते बाईचंच. ते दाबून ठेवणाऱ्यावर विश्वासघाताचा खटला होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. मागूनही परत दिले नाहीत, तर ते 'राँगफुली' ठेवून घेतलेले.

तेव्हा 'जाऊ दे, चुकलं असेल' म्हणण्याआधी एवढं पाहा: नुसती चूक झाली, की हक्क बुडाला? चूक पोटात घालता येते. हक्काचं तसं नाही. त्याच्यासाठी नेमका शब्द ओठांवर हवा, मग तो इंग्रजी असो की मराठी.

सरावासाठी दोन वाक्यं देते. 'रेशनकार्डावर तिचं नाव चुकीचं पडलं.' 'तिला न विचारता तिच्या पाटल्या गहाण टाकल्या.' कुठं कोणता शब्द, ते मुलांना विचाराच. पण आधी स्वतः ठरवा!