विश्लेषण : गिधाडे गेली, किंमत माणसांनी मोजली… ‘आधी चाचणी, मग विक्री’ हा नियम का हवा?

जनावरांचा ताप आणि सूज उतरवणाऱ्या एका स्वस्त इंजेक्शनामुळे भारतातील कोट्यवधी गिधाडे जेमतेम पंधरा वर्षांत नाहीशी झाली. त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. मात्र तशीच घातक ठरलेली आणखी तीन औषधे जनावरांसाठी बंद व्हायला २०२३ आणि २०२४ साल उजाडावे लागले. मधल्या काळात ती राजरोस विकली जात होती. माणसाच्या एका साध्या सवयीने जैवविविधतेचा घास कसा घेतला, त्याची झळ माणसांनाच कशी बसली आणि पुढचा घात टाळायचा तर काय बदलायला हवे, याविषयी…

नेमके काय घडले?

१९८०च्या दशकापर्यंत भारतात गिधाडे इतकी होती, की त्यांची मोजदाद करण्याची गरज कोणाला वाटत नव्हती. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले, की तासाभरात आकाशातून थवे उतरत आणि मागे फक्त हाडे उरत. १९९०च्या दशकात हे दृश्य झपाट्याने दुर्मीळ झाले. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी होती. काही वर्षांत तिथे एकही उरले नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) संशोधक विभू प्रकाश यांनी ही घट नोंदवून धोक्याची घंटा वाजवली. १९९२ ते २००७ या काळात देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी, तर भारतीय (लांब चोचीची) आणि सडपातळ चोचीची गिधाडे मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी घटल्याचे नंतरच्या सर्वेक्षणांत दिसले. म्हणजे पहिल्या जातीच्या हजार पक्ष्यांमागे एकच उरला.

कारण कसे सापडले?

सुरुवातीला एखाद्या विषाणूचा संशय होता. कीटकनाशकांवरही बोट ठेवले गेले. उत्तर मिळाले ते २००४ मध्ये. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मृत गिधाडांचा अभ्यास करून ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत निष्कर्ष मांडला : मारेकरी आहे ‘डायक्लोफेनॅक’. माणसांच्या सांधेदुखीवर दिले जाणारे हे वेदनाशामक स्वस्त झाल्यावर १९९०च्या दशकात गाई-म्हशी आणि बैलांसाठीही सर्रास वापरले जाऊ लागले. जनावर लंगडते आहे, कासेला सूज आहे, ताप आहे. दे एक इंजेक्शन. उपचारानंतर दोन-तीन दिवसांत जनावर दगावले, तर त्याच्या मांसात औषधाचा अंश राहतो. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. युरिक आम्ल शरीराबाहेर पडत नाही. त्याचे पांढरे स्फटिक आतल्या अवयवांवर साचतात आणि पक्षी मरतो.

थोड्याशा औषधाने इतका मोठा संहार कसा?

कारण गिधाड एकटे जेवत नाही. एकाला जनावर दिसले, की त्याचे खाली उतरणे पाहून मैलोन्‌मैलांवरची गिधाडे गोळा होतात. एका जनावरावर अशी डझनावारी गिधाडे बसतात. संशोधकांनी गणित मांडले तेव्हा दिसले, की मेलेल्या जनावरांपैकी एक टक्क्याहूनही कमी जनावरांत हे औषध असले तरी एवढी घट होऊ शकते. प्रत्यक्षात बंदीच्या आधी तपासलेल्या जनावरांपैकी सुमारे १० टक्क्यांत ते सापडले होते. त्यात गिधाडाचा संसार संथ. जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाच वर्षे लागतात. मरण्याचा वेग वाढला, की जन्माचा वेग त्याला गाठू शकत नाही.

यात माणसांचे काय नुकसान झाले?

मराठीत गिधाड हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. प्रत्यक्षात हा पक्षी ग्रामीण भारताचा बिनपगारी सफाई कामगार होता. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात गोवंश आणि म्हशी मिळून ३० कोटींहून अधिक जनावरे आहेत. त्यांच्यातील मेलेल्या जनावरांची विल्हेवाट गिधाडे फुकट लावत. ती गेल्यावर सांगाडे उघड्यावर कुजू लागले, काही ओढ्या-नाल्यांत गेले. आयते अन्न मिळाल्याने भटकी कुत्री वाढली आणि त्यांच्यासोबत रेबीजचा धोकाही. कुत्रे हे काही गिधाडाला पर्याय नाही. गिधाडाच्या पोटातील तीव्र आम्ल घातक जिवाणू पचवते. कुत्रा मात्र रोग वाहून नेऊ शकतो.

अनंत सुदर्शन आणि इयाल फ्रँक या अर्थतज्ज्ञांनी या नुकसानीचा हिशेब मांडला. ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, गिधाडांना पोषक अधिवास असलेले जिल्हे आणि तसा नसलेले जिल्हे यांची तुलना आहे. गिधाडे घटल्यानंतर पहिल्या गटातील जिल्ह्यांत माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे; पण एखादी प्रजाती संपल्याने माणसे मरतात, हे इतक्या ठळकपणे क्वचितच दाखवता आले आहे.

मुंबईतील पारशी समाजाला याचा फटका वेगळ्या रीतीने बसला. मलबार हिलवरील डुंगरवाडीत शतकानुशतकांचा दख्म्याचा अंत्यविधी गिधाडांवर विसंबून होता. पक्षी नाहीसे झाल्यावर तिथे सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली. समाजातील काहींनी दहनाचा मार्ग धरला.

बंदी आली, मग प्रश्न का संपला नाही?

केंद्राने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचे उत्पादन थांबवले. पण माणसांसाठीचे तेच औषध दुकानात होते आणि ते ३० मिलीच्या बाटलीतही मिळे. माणसाला एका वेळी तीन मिली पुरते. मोठी बाटली जनावरासाठीच सोयीची. बंदीनंतर ११ राज्यांतील औषध दुकानांची पाहणी झाली, तेव्हा तीनपैकी साधारण एका दुकानात जनावरांसाठी हे औषध मिळत होते. २०१५ मध्ये केंद्राने माणसांसाठीच्या इंजेक्शनची कुपी तीन मिलीवर मर्यादित केली, तेव्हा ही पळवाट अरुंद झाली. त्याविरोधात औषध कंपन्या न्यायालयात गेल्या. मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सरकारचा निर्णय कायम ठेवला.

दुसरी पळवाट अधिक गंभीर होती. एक औषध बंद झाले की बाजार त्याच गटातल्या दुसऱ्या औषधाकडे वळतो. अॅसिक्लोफेनॅक गाईच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफेनॅकच होते. किटोप्रोफेन गिधाडांना मारते, हेही प्रयोगांतून सिद्ध झाले होते. बांगलादेशाने २०२१ मध्येच किटोप्रोफेनवर बंदी घातली. भारताने ही दोन्ही औषधे जनावरांसाठी बंद केली जुलै २०२३ मध्ये, आणि निमेसुलाइड डिसेंबर २०२४ मध्ये. पहिल्या बंदीनंतर दुसरी यायला १७ वर्षे लागली. अडचण माहितीची नव्हती. आधी विक्री, मग मृत्यू, मग अभ्यास, मग पाठपुरावा आणि शेवटी बंदी, असा आपला क्रमच चुकीचा आहे.

सुरक्षित पर्याय आहे का?

आहे. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे २००६ मध्येच सिद्ध झाले आणि ते देशात सहज मिळते. टॉल्फेनॅमिक आम्ल हे औषधही चाचण्यांत सुरक्षित ठरले आहे. त्यामुळे ‘पक्षी वाचवायचा की शेतकऱ्याचा बैल’ असा पेच मुळात नाहीच. शेतकरी इथे खलनायकही नाही. दावणीचे जनावर बसले की तो हाताशी असेल ते औषध मागतो. त्याच्या हाताशी कोणते औषध असावे, हे ठरवण्याची जबाबदारी परवाना देणाऱ्यांची आहे.

महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळील चिरगाव आणि फणसाड अभयारण्य, नाशिक परिसरात अंजनेरीचे कडे, विदर्भात गडचिरोली अशा मोजक्या ठिकाणी गिधाडांनी तग धरला. यातील काही भागांत वन विभाग, संस्था आणि गावकऱ्यांनी मिळून ‘गिधाड उपाहारगृहे’ चालवली. म्हणजे औषधाचा अंश नसलेली मृत जनावरे ठरलेल्या जागी ठेवायची. हरियाणातील पिंजोर येथील जटायू प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडे २०२४ मध्ये पेंच आणि ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पांत आणली गेली. आधी मोठ्या पिंजऱ्यांत ठेवून, नंतर पाठीवर मागोवा यंत्र बांधून त्यांना मोकळे करण्यात आले. हे प्रयत्न मोलाचेच आहेत. पण मोकळे सोडलेले गिधाड व्याघ्र प्रकल्पाची हद्द पाळत नाही. ते शेकडो किलोमीटर भटकते आणि वाटेत मिळेल ते जनावर खाते. अभयारण्य कितीही चोख राखले, तरी त्याचे जगणे-मरणे दूरच्या गावातील पशुवैद्यकाच्या पेटीत काय आहे यावर ठरते.

औषध हे एकमेव कारण आहे का?

नाही. कुत्रे किंवा हिंस्र श्वापद मारण्यासाठी मृत जनावरावर विष टाकले जाते आणि बळी गिधाडांचा जातो. आसाममध्ये कामरूप जिल्ह्यात मार्च २०२२ मध्ये अशा एकाच घटनेत जवळपास शंभर गिधाडे मेली. विजेच्या तारा, घरट्यांसाठी लागणाऱ्या उंच झाडांची तोड, कड्यांवरील वर्दळ हेही धोके आहेत. ‘आयपीबीईएस’ या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक मंचाच्या २०१९च्या अहवालाने जैवविविधतेच्या ऱ्हासाची पाच थेट कारणे सांगितली : जमीन आणि समुद्राच्या वापरातील बदल, प्रजातींची बेसुमार लूट, हवामान बदल, प्रदूषण आणि परक्या प्रजातींचे आक्रमण. सुमारे १० लाख प्रजाती धोक्यात असल्याचे त्यात म्हटले आहे. या पाचांपैकी बहुतेक कारणे दूर करणे अवघड आणि वेळखाऊ आहे. गिधाडांच्या बाबतीत मात्र मुख्य कारण एका कुपीत मावणारे आहे. तेही आपण वेळेत दूर करू शकलो नाही, तर जंगले आणि नद्या वाचवण्याच्या गप्पांना काय अर्थ?

आता काय करायला हवे?

पहिली गोष्ट, ‘आधी चाचणी, मग विक्री’. जनावरांसाठीचे कोणतेही नवे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्याला परवाना मिळू नये, आणि चाचणीचा खर्च उत्पादकाने उचलावा. गिधाडांना घातक ठरलेले औषध पशुवैद्यकीय वापरातून काढून टाकणारी यंत्रणा असावी, असे केंद्राच्या २०२०-२५च्या गिधाड संवर्धन कृती आराखड्यातच म्हटले होते. ते बंधनकारक नियमात उतरायला हवे. दुसरी, सध्या वापरात असलेल्या या गटातील सर्व औषधांची कालबद्ध तपासणी. फ्लुनिक्झिनसारख्या औषधांबाबत संशोधकांनी इशारे दिलेले आहेत. आणखी १७ वर्षे थांबणे परवडणारे नाही. तिसरी, औषध दुकानांची नियमित तपासणी आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत मेलॉक्सिकॅमचा अखंड पुरवठा. चौथी, मृत जनावरांतील औषधांच्या अंशाची दरवर्षी पाहणी. बंदी पाळली जाते की नाही, हे राजपत्रातून कळत नाही. ते मेलेल्या जनावराच्या यकृताच्या नमुन्यातून कळते.

शेतकरी आणि नागरिक काय करू शकतात?

जनावराला इंजेक्शन देताना औषधाचे नाव विचारा आणि मेलॉक्सिकॅमचा आग्रह धरा. माणसांसाठीचे वेदनाशामक जनावराला देऊ नका. उपचार सुरू असताना दगावलेले जनावर उघड्यावर न टाकता पुरा. मृत जनावरावर विष टाकू नका. जखमी किंवा अशक्त गिधाड दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा.

बीएनएचएसच्या २०१५च्या अंदाजानुसार देशात पांढऱ्या पाठीची सुमारे सहा हजार, भारतीय जातीची १२ हजार आणि सडपातळ चोचीची जेमतेम एक हजार गिधाडे उरली होती. शेजारच्या नेपाळने डायक्लोफेनॅक प्रत्यक्षात हद्दपार केले, तेव्हा तिथे गिधाडे पुन्हा वाढू लागली. म्हणजे रोगाचे निदान झालेले आहे, पथ्यही ठाऊक आहे. पुढच्या औषधाच्या परवान्यावर सही होण्याआधी गिधाडांचा विचार होतो की नंतर, एवढेच आता ठरायचे आहे.