लाटेचे चित्र आणि लाटेची चाल

चित्रकलेच्या तासाला मुले लाट काढतात, ती बहुधा पुस्तकातील लाटेवरून. ही नक्कल आम्हांस अपुरी वाटते. १९१५ साली बुडालेल्या लुसिटानिया जहाजावर विन्सर मॅके या अमेरिकन चित्रकाराने १९१८ मध्ये हाताने रेखाटलेला चलत्‌पट काढला. समुद्राची व धुराची चाल रेषेत उतरविल्यावाचून तो प्रसंग उभा राहता ना.

पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात; एकेक चित्र दोनदा वापरले तरी १२ चित्रे लागतात. ज्वाळा वर निमुळती होते, तिचा शेंडा तुटून विरतो. धूर चढता चढता पसरतो, मंदावतो. हा क्रम न पाहणाऱ्याची चित्रे नुसती थरथरतात.

आता संगणक लाटा घडवितो, मग हे कष्ट कशास, असे पालक विचारतील. परंतु संगणकाची लाट साधली की फसली, हे ठरविण्यासही पाहिलेली लाट मनात हवी.

म्हणून विद्यार्थ्यांनो, चुलीचा धूर, पागोळ्यांचे थेंब डोळे भरून पाहा. वहीच्या कोपऱ्यांवर क्रमाने रेखाटा आणि पाने भराभर सोडा. चूक तुमची तुम्हांलाच दिसेल. चित्रकलेचे काही गुण अशा वहीलाही मिळावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.